तोल जातो पण चक्कर येत नाही, याला नेमकं काय म्हणावं?

मूळ प्रश्न, कोल्हापूर

नमस्कार. एका शब्दापायी माझे दोन महिने वाया गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. अडीच वर्षांपूर्वी घशाचा कर्करोग निघाला. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे तीन डोस, दर एकवीस दिवसांनी एक, आणि त्याच सात आठवड्यांत पस्तीस शेक. (रेडिएशनला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. वॉर्डात ‘तुमच्या किती लाईटी झाल्या?’ अशीच विचारपूस चालायची.) रोग गेला, तपासण्या चांगल्या येतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण मागं बरंच काही राहिलं. कानात रातकिडा बसलाय, तो रात्रंदिवस किरकिरतो. भाजीवाली ‘साठ’ म्हणाली की मला ‘आठ’ ऐकू येतं, कारण ‘स’चा बारीक आवाज माझ्या कानातून गेलाच आहे. तळपाय घोट्यापर्यंत माझे वाटत नाहीत. कोल्हापुरी चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि चार पावलं चाललो तरी कळत नाही. रस्त्यावरची माणसं हाक मारतात, ‘काका, चप्पल!’ आणि चालताना उजवीकडं झोक जातो.

हे सगळं मी डॉक्टरांना एका शब्दात सांगितलं, ‘चक्कर येते’. त्यांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. त्या दोन महिने घेतल्या. दिवसभर गुंगी, आणि चालणं आणखी बिघडलं. पुढं कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, भिंती फिरतात का? नाही. डोळ्यापुढं अंधारी येते? नाही. मग चक्कर कशाला म्हणताय? मला उत्तर देता आलं नाही. ज्याला ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सहन होत नाही, त्यानं स्वतःच्या दुखण्याचं नावच चुकीचं सांगितलं होतं.

परवा अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. रांगेतून पुढं सरकलो, हात जोडले, डोळे मिटले आणि उजवीकडं कलंडलो. मागच्या बाईंनी दंड धरला म्हणून पडलो नाही. डोळे उघडले तर समई जागच्या जागी, खांब जागच्या जागी. काहीच फिरलं नव्हतं, मीच कललो होतो. याला मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद, गडहिंग्लज

काका, आमच्या घरात आजीच्या तोंडी हे शब्द वेगवेगळे होते, ‘चक्कर’नं ते सगळे गिळले. घेरी किंवा भोवळ म्हणजे गरगरणं. घेर, भोवरा, भोवती, सगळी गोल फिरण्याची कुळी आहे, आणि चक्कर म्हणजे तर चक्रच. अंधारी येते ती उठताना, रक्तदाब उतरल्यावर. झीट येते तेव्हा माणूस शुद्ध हरपून खाली बसतो. तुमचं यातलं काहीच दिसत नाही. तुमचा ‘तोल जातो’. शब्द साधाच आहे.

आणि चक्कर या शब्दाचा आणखी एक घोळ. ‘रंकाळ्याला चक्कर मारून येतो’ असं आपण रोज म्हणतो. इतका हलका शब्द डॉक्टरांसमोर ठेवला तर त्यांनी काय समजायचं?

प्रतिसाद, सांगली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून शब्दाच्या आत काय चाललंय ते सांगते. काका, तोल तीन ठिकाणांहून मिळणाऱ्या बातमीवर उभा असतो. पहिलं डोळे. दुसरं आतला कान, ज्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन पिशव्या असतात, आणि त्यांतला द्रव हलला की डोकं कुठं वळलं ते मेंदूला कळतं. तिसरं तळपाय आणि सांधे. सिस्प्लॅटिन कानातल्या केसासारख्या पेशींना मारतं, त्या परत उगवत नाहीत. बहुतेकांचं नुकसान ऐकण्यात दिसतं, काहींच्या तोलाच्या भागालाही झळ लागते. शिवाय ते पायाकडच्या संवेदना-तंतूंना धरतं. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन ठिकाणांहून बातमी अर्धवट येते. सगळा भार डोळ्यांवर, आणि देवीसमोर तुम्ही नेमके तेच मिटले.

ही चाचणीच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रोम्बेर्ग या जर्मन वैद्याच्या नावानं ओळखतात. पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. घरी एकट्यानं करू नका. तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटता तेव्हाही हेच होत असणार, तर बेसिनला एक हात लावून ठेवा.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांचं तुमचं बरोबर आहे. त्या फार काळ घेतल्या तर मेंदूला नव्या रीतीनं तोल धरायला शिकणं जड जातं.

एक विचारते, चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते का?

मूळ प्रश्नकर्ता

नाही येत. तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम महाद्वार रोडवर बघितलं. पूर्वी जाता जाता पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका आपोआप डोळ्यात शिरायच्या. आता पाऊल पडलं की पाटी वरखाली होते. थांबलो की स्थिर. मी समजत होतो चष्म्याचा नंबर वाढला.

प्रतिसाद, गडहिंग्लज

याला ‘हिंदकळणं’ म्हणा काका. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चाललं की पाणी हिंदकळतं, तसं. ‘समोरचं सगळं हिंदकळतं’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर चित्र येतं.

प्रतिसाद, सांगली

हिंदकळणं! मी पेशंटना ‘हलतं का, डुलतं का’ विचारत राहते आणि त्यांना कळत नाही. आतल्या कानातल्या द्रवाची बातमी नीट पोचत नसते आणि पाण्याचाच शब्द मिळाला. उद्यापासून हाच वापरणार.

प्रतिसाद, इचलकरंजी

माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे औषध पहिल्यांदा काढलं, असं वाचलं होतं. तिच्या कानाला काही झालं नाही, पण हातापायांच्या बोटांची जाणीव गेली. ब्लाउजचे हूक तिला लावता येत नाहीत, मी लावून देते. पाकिटातलं नाणं रुपयाचं की दोनचं ते चाचपून कळत नाही, बाहेर काढून बघावं लागतं.

ती म्हणते, ‘भुई लागत न्हाई पायाला. कापसावर चालतोय असं वाटतंय.’ (आमच्या भागातल्या बायका ‘मी चालतो, मी आलो’ असंच बोलतात.) डॉक्टरांच्या कागदावर ‘मुंग्या येतात’ असं लिहिलं होतं. आई म्हणाली, मुंग्या पहिल्यांदा यायच्या, आता मुंग्यापण येत नाहीत. मुंग्या येणं आणि बधिर होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे तिच्यामुळं मला कळलं.

आणि विचित्र म्हणजे शेवटचा डोस झाल्यावरही महिना-दीड महिना वाढतच गेलं. औषध बंद झालं तरी?

प्रतिसाद, सांगली

होतं असं ताई. सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधांत तर शेवटच्या डोसनंतर काही महिने वाढत जातं, कारण औषध पाठीच्या कण्याशेजारच्या मज्जापेशींच्या गाठींमध्ये साचून राहतं. पॅक्लिटॅक्सेलमध्ये बहुधा हळूहळू कमी होतं, पण काहींचं राहतंच. दुखत असेल, आग होत असेल, तर ड्युलोक्सेटीन नावाचं औषध काहींना उपयोगी पडतं, ते डॉक्टरांना विचारूनच. नुसत्या बधिरपणावर मात्र गोळी नाही. पाय रोज डोळ्यांनी तपासायचे, गरम पाणी कोपरानं बघायचं, आणि तोलाचे व्यायाम.

मूळ प्रश्नकर्ता

बधिर या शब्दापाशी मी रात्रभर थांबलो. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. मराठीत ‘मूकबधिर’मध्ये तो अर्थ राहिला आणि बाकी ठिकाणी बधिर म्हणजे संवेदना गेलेलं: दाताच्या डॉक्टरांनी हिरडी बधिर केली, थंडीनं बोटं बधिर झाली. पाय बधिर झाला म्हणजे मुळात पाय बहिरा झाला. जमीन काहीतरी सांगते आणि त्याला ऐकू येत नाही. माझ्या बाबतीत एकाच औषधानं कान आणि पाय दोन्ही बधिर केले, आणि दोन्हींसाठी भाषेत शब्द एकच आहे. इतकी वर्षं हा शब्द तपासला, फक्त ‘धि’ ऱ्हस्व आहे ना एवढंच बघितलं.

आता दुसरा प्रश्न मांडतो. हे जे मागं उरलंय, जाणार नाही, त्याला काय म्हणायचं? ‘दुष्परिणाम’ मला पटत नाही. ‘दु:’ लागला की कुणीतरी वाईट केलं असा वास येतो. त्या औषधानं मला जगवलं आहे.

प्रतिसाद, गारगोटी

‘कसर’ चालेल का बघा. ताप उतरला तरी अंगात जी कणकण राहते तिला आमची म्हातारी माणसं कसर म्हणतात. ‘ताप गेलाय, पण कसर हाय अजून, अंगावर पाणी घेऊ नको.’

प्रतिसाद, इचलकरंजी

पण कसर चार दिवसांत जाते. आईला चार वर्षं झाली.

मूळ प्रश्नकर्ता

ताईंचं म्हणणं खरं आहे, तापाची कसर जाते. तरी हा शब्द मला सोडवत नाही.

कसरीचे आणखी दोन अर्थ आहेत. एक, उणीव, तूट. अरबी-फारसीतून आलेला, मूळ अर्थ मोडणं, अपूर्णांक. ‘कसर भरून काढणे’ आपण त्यातूनच म्हणतो. आता सांगलीच्या ताईंनी लिहिलेलं पुन्हा वाचा: कान आणि पाय कमी पडतात, भार डोळ्यांवर येतो. म्हणजे डोळे कानाची आणि पायाची कसर भरून काढतात. आणि अंधार पडला की ती कसर उघडी पडते.

दुसरा अर्थ छापखान्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. पुस्तकाला लागते ती कसर. कपाटात जुने गठ्ठे सोडले की कडा आधी खाल्ल्या जातात, मजकूर बराच काळ शाबूत असतो. माझ्या पायाचं तसंच झालं. आधी अंगठ्याचं टोक, मग बोटं, मग तळवा, मग घोटा. सर्वांत लांबचा तंतू आधी जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

‘सावरलात का?’ असं लोक विचारतात, प्रेमानंच विचारतात. आजारातून उठणं म्हणजे सावरणं आणि पडता पडता तोल धरणं म्हणजेही सावरणं. पहिल्या अर्थानं मी सावरलो. दुसऱ्या अर्थानं रोज पायरीगणिक सावरतो आहे. तेव्हा हल्ली मी ‘सावरतोय’ म्हणतो. त्यावर लोकांचा चेहरा पडतो, त्यांना वाटतं रोग परत आला. मग सगळं समजावून सांगत बसावं लागतं. तरीही मी क्रियापद बदलणार नाही.

प्रतिसाद, गडहिंग्लज

काका, चालण्यासाठी ‘झोक जातो’ लिहिलंत ते चांगलं. ‘झोकांड्या’ मात्र कुणाला म्हणू देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

म्हणून झालंय. गेल्या पावसाळ्यात रात्री दिवे गेले होते, रस्ता उकरलेला. रिक्षा थांब्याकडं जाताना दोनदा भेलकांडलो. थांब्यावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘झोकांड्या खायला लागलंय बघ, न्यायचं न्हाई ह्याला.’ कुणी नेलं नाही. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. त्या रात्री भिंतीला धरत धरत घरी आलो, आणि बायकोला काही सांगितलं नाही. झोक आणि झोकांडी एकाच मुळातले शब्द, पण दुसऱ्याला दारूचा वास इतका चिकटलाय की आजारी माणूस त्यात दिसतच नाही. लडखडणं, भेलकांडणं यांनाही तोच वास आहे. ‘तोल सुटला’ म्हटलं तर राग आला असं वाटतं. ‘झोक जातो’ आणि ‘तोल जातो’ हे दोनच स्वच्छ उरले.

त्या रात्रीनंतर काठी घेतली. काठी बघितली की लोक बाजूला होतात, विचारतातही. आणि कोल्हापुरी चप्पल कपाटात ठेवली, टाचेमागं पट्टा असलेले सँडल घालतो. वाईट वाटलं, पण पाय ठेवला तिथं चप्पलही असते.

प्रतिसाद, सांगली

काका, काठी डाव्या हातात धरा की उजव्या, हे एकदा फिजिओकडून बघून घ्या. आणि रोज स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात लावून, एकापुढं एक पाऊल ठेवत दहा पावलं. घरात कुणीतरी असताना.

मूळ प्रश्नकर्ता

तेच चालू आहे. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी नऊ पावलं होतात.

उद्या तपासणी आहे. कागदावर हे लिहून नेतोय, काही चुकत असेल तर आजच सांगा:

‘गरगरत नाही. अंधारी येत नाही. डोळे मिटले किंवा अंधार झाला की उजवीकडं झोक जातो. चालताना समोरचं हिंदकळतं, थांबलं की स्थिर. पाय घोट्यापर्यंत बधिर, मुंग्या आता येत नाहीत. कानात सतत किरकिर.’

प्रतिसाद, इचलकरंजी

काका, कधीपासून ते पण लिहा. आणि किती वेळा पडलात ते. आमच्या आईला पहिल्यांदा तेच विचारलं होतं.