मदत हवी आहे: कडाक्याच्या थंडीत इलेक्ट्रिक ट्रक चढ चढत नाही

दोन मोटरचा, चारही चाकं फिरवणारा इलेक्ट्रिक पिकअप आहे. उणे 15 अंशांत रात्रभर उघड्यावर राहिला की सकाळी ‘पॉवर मर्यादित’ असा इशारा येतो आणि बर्फाळ चढावर ट्रक रेंगाळतो. गारठलेली बॅटरी पूर्ण करंट देत नाही, रीजनही (वेग कमी करताना बॅटरी परत चार्ज होणं) जवळपास बंद होतं, हे ठाऊक आहे. चार्ज 70 टक्के, टायर हिवाळी, स्नो मोड वापरून झाला. चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल उरलीसुरली ताकदही कापतं. ते बंद केलं तर मागची बाजू सरकते, म्हणून तो उपाय नकोच. पार्किंगला प्लग नाही. अशा वेळी निघण्याआधी केबिन हीटर लावला तर बॅटरीही गरम होते, की नेव्हिगेशनमध्ये जायचं ठिकाण म्हणून फास्ट चार्जर टाकूनच ती तापवावी लागते?