गुप्ता बंधू आणि झुमा: दोष पाहुण्यांचा की घर उघडं टाकणाऱ्यांचा?

जमाखर्च (चर्चाप्रस्ताव)
सहारनपूरचे अतुल गुप्ता १९९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले, मागोमाग भाऊ अजय आणि राजेशही. संगणकविक्रीपासून सुरुवात, मग युरेनियम, कोळसा, वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी. तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांचा मुलगा दुदुझाने त्यांचा भागीदार. धंदेवाल्याची मंत्र्याशी ओळख असण्यात नवल नाही. पण तेव्हाचे उपअर्थमंत्री जोनास यांनी, सरकार खाजगी हातांत गेल्याच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगापुढे सांगितलं, की ऑक्टोबर २०१५ मध्ये गुप्तांच्या जोहान्सबर्गमधल्या सॅक्सनवोल्डच्या घरी त्यांना अर्थमंत्रिपद आणि ६० कोटी रँड देऊ केले गेले. गुप्तांनी हे नाकारलं आहे. तरी ९ डिसेंबरला अर्थमंत्री नेने यांना काढलं गेलं, हे तर जगाने पाहिलं. मी दोष गुप्तांनाच देतो.

आडवाट
साफ चूक. मंत्र्याला काढायचा अधिकार फक्त अध्यक्षांचा. सही झुमांची, दोष व्यापाऱ्याचा? नेने यांच्या जागी आलेले व्हॅन रूयेन चार दिवसांत बदलावे लागले, कारण बाजार कोसळला. तेव्हा गुप्ता काहीच थांबवू शकले नाहीत. सत्ता त्यांच्या हातात असल्याचा देखावा जास्त होता.

जमाखर्च
देखावा? ऑप्टिमम कोळसा खाणीचा व्यवहार पाहा. खाण ग्लेनकोर या बहुराष्ट्रीय कंपनीची. सरकारी वीज कंपनी एस्कॉमला टनाला १५० रँड या जुन्या दराने कोळसा देणं परवडेना, म्हणून करार बदलून मागितला. एस्कॉमने तो नाकारला, वर दोन अब्जांहून जास्त रँडचा दंड मागितला. खाण दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि गुप्तांची टेगेटा कंपनी ती २.१५ अब्जांना घ्यायला उभी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये त्यांना सुमारे ६० कोटी कमी पडले, बँकांनी हात वर केले. ११ एप्रिलला रात्री नऊच्या सुमारास एस्कॉमच्या निविदा समितीची तातडीची बैठक झाली आणि कोळशापोटी ६५.९ कोटींची उचल मंजूर झाली. सरकारी वीज कंपनीने खरेदीदाराला खाण घ्यायला पैसे पुरवले! असा मेळ आपोआप बसत नाही.

आडवाट
याच व्यवहाराने माझा मुद्दा पक्का होतो. उचल मंजूर करणारी समिती एस्कॉमची. संचालक मंडळ नेमतं सरकार. ते प्रामाणिक असतं तर टेगेटाला एक रँडही मिळाला नसता.

लेखापाल
दोघंही मधल्या माणसांना विसरलात. व्रेडेच्या दुग्धप्रकल्पात फ्री स्टेट प्रांताने एस्टिना कंपनीला जमीन आणि निधी दिला, तो गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या नावाने. त्यातले सुमारे ३ कोटी रँड दुबईच्या खात्यांतून फिरून परत आले आणि २०१३ मध्ये सन सिटीतल्या गुप्तांच्या घरच्या लग्नावर खर्च झाले. हिशेब तपासले केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीने. गुप्तांची खाती होती बँक ऑफ बडोदाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाखेत. तिथल्या मोठ्या बँकांनी २०१६ मध्ये खाती बंद केल्यावर हीच शाखा उरली होती. लेखापरीक्षक आणि बँकेने वेळीच 'हा पैसा कुठून आला' एवढं विचारलं असतं, तर वाट तिथेच बंद होती. त्या शेतकऱ्यांचं काय झालं, हे मात्र कुणीच विचारत नाही. मला याचा संताप येतो.

स्थलांतर
गुप्तांमुळे बसणाऱ्या 'भारतीय स्थलांतरित' या शिक्क्यावर माझी हरकत आहे. डर्बनचे ऊसमळ्यांत राबलेले गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर, १८६० पासून त्या देशाचे आहेत, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आहेत. गुप्तांच्या नावाने सगळ्या भारतीयांना शिव्या देणं अन्यायाचं आहे. आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी कुठे स्थलांतरित होती? तिलाही एस्कॉमचे पैसे परत करावे लागलेच.

जमाखर्च
शिक्क्याबद्दल मान्य. पण मॅकिन्झीने पैसे परत केले. गुप्ता २०१८ मध्ये देश सोडून गेले. जून २०२२ मध्ये दुबईत अतुल आणि राजेशना अटक झाली, पण पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने त्यांचं दक्षिण आफ्रिकेकडे प्रत्यार्पण नाकारलं.

आडवाट
नाकारलं ते कागदपत्रांवर बोट ठेवून. त्या कागदपत्रांवर दोन्ही देशांचा वाद आहे. पण अर्ज करणारं सरकार कोणाचं होतं?