क्रोशा शिकतेय – चौकोनाचा त्रिकोण होतोय, आणि आज्जीच्या वहीतला ‘मुका खांब’ नक्की कुठला?

शेवंती_नाशिक

नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले क्रोशा शिकायला घेतलंय, यूट्यूबवर बघूनच. निमित्त असं की वहिनीला डिसेंबरात बाळ होणारे आणि आमच्याकडे बाळाचं पहिलं टोपडं घरचंच विणलेलं असतं. आतापर्यंतची सगळी आज्जीने केली, माझंही तिनेच केलेलं, अजून आईच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासासकट आहे. आज्जी दोन वर्षांपूर्वी गेली. तिची वही आणि सुयांचा डबा माझ्याकडे आलाय आणि मला मनापासून वाटतंय की हे टोपडं तिच्या वहीतूनच व्हावं.

अडचणी अशा:

सरावाला म्हणून २० खांबांचा (खांब म्हणजे क्रोशातला उभा, उंच टाका) चौकोन घेतला. नवव्या ओळीत मोजले तर १२! चौकोन राहिला बाजूला, समोशाचा आकार आलाय. मी कुठेच टाका गाळल्याचं मला आठवत नाही.

गोल करायला गेले तर पहिला वाटीसारखा झाला, मग म्हटलं टाके कमी पडले असतील, दुसऱ्यात भरपूर घातले तर त्याला फ्रॉकच्या झालरीसारख्या लाटा आल्या.

आणि वही. काही पानांवर ‘५ सा. गोल, ३ सा., ११ खां., जोड’ असं आहे ते कळतं, सा. म्हणजे साखळी आणि खां. म्हणजे खांब. काही ठिकाणी ‘मु. खां.’ आहे, म्हणजे मुका खांब. पण मधली काही पानं तिने कुठल्यातरी इंग्रजी मासिकातून उतरवलीयत, तिथे डीसी (डबल क्रोशे) आणि टीआर (ट्रेबल) लिहिलंय. मी व्हिडिओत शिकलेला डीसी घालून बघितला तर रुमालाचं फूल वहीत चिकटवलेल्या नमुन्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठं झालं. सुई तीच, दोरा तसाच. काय चुकतंय?

---

ओवी

शेवंती, तुझ्या आकड्यांतच उत्तर आहे गं. २० चे १२ आठ ओळींत, म्हणजे दर ओळीला बरोब्बर एक टाका जातोय, म्हणजे चूक दर वेळी एकाच जागी होतेय. ती जागा ओळीच्या शेवटी आहे.

बघ, खांबाची ओळ सुरू करताना आपण ३ साखळ्या घालून वर चढतो ना, त्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब. मोजताना तो धरायचा. म्हणून पुढचा खांब त्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात नाही घालायचा, शेजारच्यात घालायचा. हे तू बरोबर करतेयस असं दिसतं, नाहीतर टाके कमी झाले नसते. पण ओळ संपताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो आणि तो तुझा राहतोय. जवळजवळ सगळ्यांचाच राहतो कारण ती साखळी खांबासारखी दिसतच नाही, बारीक असते, एका बाजूला कललेली असते, आपल्याला वाटतं ओळ संपली आणि आपण काम पलटतो.

उपाय म्हणजे ३ साखळ्या घातल्या रे घातल्या की तिसरीत एक छोटी सेफ्टी पिन अडकवायची. पलटून परत येशील तेव्हा पिन दिसेल, पिन काढायची आणि तिथे खांब घालायचा. आणि पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ संपली की मोज. कंटाळा येतो, पण एक ओळ उसवणं आणि आठ ओळी उसवणं यात फरक आहे.

सुरुवातीची साखळी २० खांबांसाठी २२ घाल, आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सुटलेल्या ३ चा एक खांब आणि पुढचे १९, झाले २०.

मुक्या खांबाला मात्र हा नियम उलटा, तिथे चढायला १ साखळी असते आणि ती मोजत नाहीत, पहिला मुका खांब तिच्या बुडाशीच घालायचा. या दोन्हीची सरमिसळ झाली की कडा वेड्यावाकड्या होतात. अर्ध्या खांबाला २ साखळ्या, त्या मोजायच्या की नाही ते नमुना लिहिणारा ठरवतो, आधी वाचून घे.

---

जुनी_वीण

वहीचं मी सांगते. तुझी आज्जी बरोबर आहे आणि तुझा व्हिडिओही बरोबर आहे, दोघांची भाषा वेगळी आहे.

आमच्या वेळी इथे मिळायची ती पुस्तकं, मासिकं बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीची असायची. ब्रिटिश पद्धतीत डीसी म्हणजे आपला मुका खांब. टीआर म्हणजे आपला साधा खांब. अमेरिकन पद्धतीत नावं एक घर पुढे सरकतात, त्यांचा एससी (सिंगल क्रोशे) म्हणजे मुका खांब, डीसी म्हणजे खांब, आणि टीआर म्हणजे दोन वेढ्यांचा उंच खांब. तू आज्जीच्या डीसीच्या जागी अमेरिकन डीसी घातलास, म्हणजे मुक्या खांबाच्या जागी पूर्ण खांब. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून फूल दुप्पट झालं.

ओळखायची सोपी खूण अशी की नमुन्यात कुठेही एससी किंवा सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल हे नावच आता वापरत नाहीत. वहीतल्या त्या पानांवर एससी कुठेच नसेल आणि नुसते डीसी-टीआर असतील तर ब्रिटिश समजून एक फेरी करून बघ आणि चिकटवलेल्या नमुन्याशी ताडून बघ. नमुना चिकटवून ठेवलाय म्हणजे बाई फार शिस्तीची होती.

आता खांब कुठला तो हातानेच लक्षात ठेव, नावाने नको. सुईवर आधी वेढा न घेता टाक्यात घुसलीस, दोरा ओढून काढलास, सुईवर २ झाले, दोन्हीतून एकदम काढलास की मुका खांब. आधी १ वेढा घेऊन घुसलीस, सुईवर ३ झाले, तिन्हीतून एकदम काढलेस तर अर्धा खांब. त्याच ३ मधून दोन-दोन करून दोनदा काढलेस तर खांब. आधी २ वेढे घेतलेस तर दोन-दोन करून तीनदा काढावे लागतात, तो उंच खांब. मला माझ्या सासूबाईंनी हे असंच शिकवलं, नाव कधी सांगितलंच नाही, ‘दोनदा काढ’ ‘तीनदा काढ’ एवढंच म्हणायच्या.

---

वर्तुळ_आणि_व्यास

गोलाबद्दल लिहितो. शाळेत गणित शिकवतो आणि क्रोशा आईकडून शिकलो.

गोल सपाट राहायला दर फेरीला ठराविकच टाके वाढले पाहिजेत. त्रिज्या एका फेरीच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो, २ पाय आर, तेच. मुका खांब जेवढा उंच जवळपास तेवढाच रुंद, म्हणून ६ टाक्यांनी सुरुवात आणि दर फेरीला ६ वाढवायचे. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून १२ ने सुरुवात आणि दर फेरीला १२. म्हणजे खांबात १२, २४, ३६, ४८. गोल कितीही मोठा झाला तरी वाढ तेवढीच, इथे लोक फसतात, त्यांना वाटतं मोठ्या गोलाला जास्त वाढवावे लागतील.

कमी वाढवले तर परीघ पुरत नाही आणि वाटी होते. जास्त वाढवले तर परीघाला बसायला जागा नाही म्हणून तो वरखाली होतो, त्याच तुझ्या लाटा.

आणि त्या लाटांना टाकाऊ समजू नकोस. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी हीच गोष्ट मुद्दाम केली. हायपरबोलिक भूमिती (अशाच लाटा येणाऱ्या वक्र पृष्ठभागाची भूमिती) शिकवायला कागदाचे नमुने असायचे ते हाताळून फाटायचे, मग त्यांनी ठराविक प्रमाणात टाके वाढवत क्रोशाने तो पृष्ठभाग विणला, विद्यार्थी तो हातात घेऊन घडी घालून बघू शकले. एखाद्या टाक्याच्या वाढीतून एवढं मोठं काही हातात येतं हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो, मुलं तो नमुना सोडायला तयार नसतात. तुझा झालरवाला तुकडा जपून ठेव.

---

शेवंती_नाशिक

अहो किती छान समजावलंत सगळ्यांनी! पिन लावून काल रात्री परत चौकोन केला, दहा ओळी, दर ओळीला २०. आईला उठवून दाखवला.

जुनी_वीण काकू, ‘दोनदा काढ’ वाचून डोळ्यांत पाणी आलं, आज्जी पण असंच काहीतरी पुटपुटायची विणताना, मला वाटायचं ती जप करतेय.

आता टोपड्याकडे वळते. त्या पानावर फक्त ‘५४ झाले की वाढ बंद’ एवढंच आहे, उंची लिहिलेली नाही. आणि मी गुलाबी अॅक्रेलिक लोकर आणलीय, ती चालेल का? चमकीचा धागा पण आहे तिच्यात.

---

जुनी_वीण

५४ अगदी बरोबर आहे, आज्जीने हिशोब करूनच लिहिलाय. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, टोपडं थोडं ताणून बसायला हवं म्हणून ३३-३४ चं करतात. मध्यम जाडीच्या सुताला ४ मिलिमीटरच्या सुईने साधारण १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब बसतात, ५४ खांबांचे होतात पावणेचौतीस. पण हात प्रत्येकीचा वेगळा, तू आधी छोटा तुकडा विणून पट्टी लावून मोज. तुझे १६ च्या जागी १८ बसत असतील तर टोपडं ३० चंच होईल, मग सुई अर्ध्या नंबरने मोठी घ्यायची.

कृती अशी. ५ साखळ्या जोडून गोल, ३ साखळ्या आणि गोलात ११ खांब, तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिचने (उंची नसलेल्या, नुसत्या जोडायच्या टाक्याने) जोड, झाले १२. मग प्रत्येकात २, म्हणजे २४. मग एकात १, पुढच्यात २, असं करत ३६. मग दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात २, ४८. आता पूर्ण १२ वाढवले तर ६० होतील आणि मोठं होईल, म्हणून सात टाक्यांत एकेक आणि आठव्यात २, म्हणजे ६ च वाढतात आणि ५४ होतात. इथून वाढ बंद, कडा आपोआप खाली वळायला लागते. माथ्याच्या मध्यापासून खाली १२-१३ सेंटिमीटर भरेपर्यंत साध्या फेऱ्या घालायच्या, पाचसहा होतील, आणि शेवटी मुक्या खांबाच्या २ फेऱ्या म्हणजे काठ लोळत नाही.

५ साखळ्यांच्या गोलाने मधे भोक राहतं, ते नको असेल तर मॅजिक रिंग (दोऱ्याचा ओढून आवळायचा गोल) कर, पण तिचं शेपूट सुईत ओवून दोनदा उलटसुलट फिरवून पक्कं कर नाहीतर धुतल्यावर माथा उघडतो.

---

दुपटं

लोकरीबद्दल कळकळीने सांगते, चमकीचा धागा बाळाला अजिबात नको, टोचतो. अॅक्रेलिक धुवायला सोपं पण घाम शोषत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी ऊन असतं, मऊ सुती दोराच घे. आणि टोपडं देण्याआधी एकदा धू, सुती आटतं थोडं.

अजून दोन गोष्टी. बांधायचे लांब बंद आणि मणी-बटणं लावू नकोस, गळ्याला आणि तोंडाला धोका. आतून सुटे धागे अजिबात ठेवू नकोस. मोजे करशील तेव्हा तर फारच, बाळाच्या बोटाला धाग्याचा फास बसू शकतो, आमच्या शेजारच्या बाळाचं बोट लाल झालं म्हणून मोजा काढून बघितला तेव्हा कळलं. आणि वहिनीला सांग, बाळ झोपलं की टोपडं काढून ठेवायचं, डोक्यातूनच त्यांची जास्तीची उष्णता बाहेर पडते.

---

डावखुरी

मधेच विचारते, मी डावरी आहे, व्हिडिओ बघून सगळं उलटं होतं. कोणी आहे का असं?

---

ओवी

@डावखुरी, माझी मुलगी डावरी आहे. व्हिडिओ आरशासारखा फिरवून दाखवणारी अॅप मिळतात, नाहीतर शिकवणाऱ्याच्या समोर बस, शेजारी नको, समोरून तिचा उजवा हात तुझ्या डाव्यासमोर येतो. लिहिलेला नमुना जसाच्या तसा चालतो, फक्त तुझं काम उलट्या दिशेने फिरतं. टोपड्याला काहीच फरक पडत नाही.

---

शेवंती_नाशिक

पांढरा सुती दोरा आणला. १० सेंटिमीटरमध्ये माझे १७ बसतायत, आज्जीच्या डब्यातली साडेचारची सुई घेतली तर बरोब्बर १६. तिच्या सुईवर अंगठा ठेवायची जागा झिजून गुळगुळीत झालीय, माझा अंगठा तिथेच जातो.

काल ५४ झाले. वाढ बंद केली आणि दुसऱ्या फेरीला कड खरंच खाली वळली. अजून पाच फेऱ्या आहेत. आईने तिच्या कपाटातलं माझं टोपडं आणून शेजारी ठेवलंय, त्याचे टाके मोजले आम्ही दोघींनी. ५४.