प्रतिकारशक्ती कमी नाही, लगाम सैल

एकांनी लिहिलंय की सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खपल्या धरणारा आजार, प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होतो, ती वाढवणारे काढे घ्या. नेमकं उलटं आहे. त्वचेतल्या डेन्ड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी) आयएल-२३ नावाचं संदेश देणारं रसायन सोडतात, त्याने टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) एक गट चेकाळतो आणि आयएल-१७ हे तसंच दुसरं रसायन ओतत राहतो. त्वचेच्या पेशींना वाटतं जखम झालीय, भरा लवकर! एरवी महिनाभर चालणारं पेशींचं वर सरकणं मग चार-पाच दिवसांत उरकतं, खपल्या त्याच्याच. शिवाय त्वचेच्या पेशी स्वतःही रसायनं सोडून आणखी पांढऱ्या पेशी बोलावतात. हे थोपवणाऱ्या नियामक टी-पेशी तिथे असतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही.

गंमत म्हणजे हे लक्षात आलं अपघातानेच. १९७९ मध्ये सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन पाहिलं, तर सोरायसिसवाल्यांची त्वचाच सुधारली. तोवर दोष त्वचेचाच मानत.

सोरायसिससाठी टीएनएफ (दाह वाढवणारं असंच एक रसायन) रोखणारं इंजेक्शन सुचवलं असेल तर आधी टीबीची तपासणी करतात, ती टाळू नका. टीबीच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवायला तोच टीएनएफ लागतो.