नाताळात लंडन : २५ तारीख तिथे काढावी की टाळावी?

हॅरोकर

ऑक्टोबर उजाडला की भारतातून फोन सुरू होतात. "नाताळात येतोय रे, लंडन काय झगमगत असेल!" चौदा वर्षं इथे राहून, पाहुण्यांची ने-आण करून माझं मत पक्कं झालंय. लंडनचा नाताळ बघायचाय? डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या आणि २० तारखेच्या आत परत जा.

जी झगमग बघायला येता ती नोव्हेंबरातच लागलेली असते. रीजंट स्ट्रीटवरचे पंख पसरलेले देवदूत, कार्नाबी स्ट्रीट, कॉव्हेंट गार्डन, सगळं. ट्रफाल्गर चौकातलं झाड डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी उजळतं. ऑस्लो शहर १९४७ पासून दर वर्षी हे झाड पाठवतं, दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून. त्यावर दिव्यांच्या माळा नॉर्वेच्या रिवाजाप्रमाणे उभ्या सोडतात, त्यामुळे ते सुतळीने आवळलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखं दिसतं. इथले लोकही दर वर्षी त्यावर कुजकट बोलून घेतात.

आणि २५ तारखेला? ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद, बस बंद, रेल्वे बंद. कमी गाड्या नव्हे, शून्य गाड्या. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम २४ ते २६ कुलूपबंद. मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद : २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान नाताळच्या दिवशी उघडता येत नाही, २००४ चा कायदा आहे. २६ ला ट्यूब रडतखडत चालू होते, पण रेल्वे जवळजवळ नसतेच. आणि सूर्य चारच्या आत मावळतो.

मागे मामा-मामींनी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून २५ ला सकाळी हीथ्रोला उतरायचं ठरवलं. माझी गाडी नेमकी गॅरेजात. ते तिकीट किती स्वस्त पडलं ते टॅक्सीवाल्याने सांगितलं. घरी पोचल्यावर मी चहा टाकायला गेलो तर दूध नाही. मामी खिडकीतून सुनसान रस्ता बघत म्हणाल्या, "अरे, हे लंडन आहे की संचारबंदी?"

पार्लेकरीण

हॅरोकर, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. सगळं बंद असतं म्हणूनच २५ तारीख लंडनमध्ये काढावी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं होतो. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ७१. वाहनं बंद असणार हे ठाऊक होतं, म्हणून हॉटेल मुद्दाम पॅडिंग्टनला घेतलं आणि दिवस पायीच आखला. तिथून दहा मिनिटांत लिटल व्हेनिस, कालव्याकाठी रंगीत होड्या नांगरलेल्या. त्याला लागूनच हाउली प्लेस नावाची गल्ली आहे. १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी : लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहत होते. सासूबाई पाटीसमोर उभ्याच राहिल्या. "इथे कशाला आले होते रे टिळक?" असं त्यांनी नातवाला विचारलं. त्याला कुठलं ठाऊक! मग चिरोल या इंग्रज पत्रकारावरचा अब्रुनुकसानीचा खटला, तो हरले, खर्चात बुडाले, हे सगळं रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनीच सांगितलं. शब्दशः मधोमध. पाऊण तासात दोन गाड्या गेल्या असतील.

तिथून रीजंट कालव्याच्या काठाने निघालो. मध्ये बोगदा लागतो, तेवढ्यापुरतं वर रस्त्यावर यावं लागतं. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या कडेने प्रिमरोझ हिल. टेकडी म्हणजे आपल्या पर्वतीच्या अर्धीही नाही, पण वरून सेंट पॉल्सचा घुमट, शार्ड, लंडन आय, सगळं दिसतं. माणसं होती : कुत्री फिरवणारी, नव्या सायकली पळवणारी पोरं, डोक्यावर कागदी मुकुट तसेच ठेवून आलेली कुटुंबं. अनोळखी लोक "मेरी ख्रिसमस" म्हणत होते. एरवी लंडनमध्ये कोणी नजर तरी देतं का? टेकडीच्या पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड आणि त्यावर १० नंबरचं घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आत संग्रहालय आहे, पण त्या दिवशी बाहेरूनच नमस्कार केला.

टिळकांच्या दारातून बाबासाहेबांच्या दारात, थांबत थांबत दोन तास. दोन्हीकडे घर नंबर १०, हे मुलाच्या लक्षात आलं, माझ्या नव्हे. कुठल्याही देवदूतांच्या माळेपेक्षा ही सकाळ मला मोठी वाटते.

हॅरोकर

ताई, छान लिहिलंत. पण पाऊस नव्हता आणि सासूबाईंचे गुडघे शाबूत होते, ही त्यातली खरी मेख. लोक लंडनला नाताळात बर्फ पडतो असं समजून येतात. पडते ती भुरभुर. वरून बारीक पाऊस, खालून ओला वारा, आणि परतायला बस नाही. माझ्या मामांना अर्धा किलोमीटरवर बाक लागतो.

नाशिकचा_नंदू

पहिल्या पंधरवड्यात या म्हणे! पोरांना शाळेतून दोन आठवडे उचलू का? आमच्या शाळेला सुट्टी २४ पासून. ऑफिसही वर्षअखेरीलाच सोडतं. म्हणजे यायचं की नाही हा प्रश्नच नाही, २५ ला काय करायचं हाच प्रश्न. आणि जेवायचं काय? आम्ही पक्के शाकाहारी.

लीड्सवाली_मावशी

नंदू, जेवणाचं मी सांगते. २४ ला दुपारीच दूध, ब्रेड, फळं, दही भरून ठेव. सुपरमार्केटं त्या दिवशी लवकर दारं ओढतात. २५ ला कोपऱ्यावरची छोटी दुकानं काही उघडी असतात, बऱ्याचदा आपलीच माणसं चालवतात. वेम्बली-साउथॉलला भारतीय हॉटेलं सापडतील, पण मध्य लंडनहून तिथे जाणार कसा? तेव्हा खोलीत छोटी चूल-कपाट असेल अशी जागा घे आणि पहिल्या रात्री खिचडीच टाक.

नाताळचं जेवण हॉटेलात घ्यायचं तर आठवडे आधी ठरवावं लागतं. ठरावीक ताट, पैसे आगाऊ. शाकाहाऱ्याला सुक्या मेव्याची भाजलेली वडी देतात, सोबत ब्रसेल्स स्प्राउट्स. त्या इवल्या कोबीला आमच्या घरी कोणी दुसऱ्यांदा हात लावला नाही. मिन्स पाय बघून आई म्हणाली, "खिमा मला नको." त्यात खिमा नसतोच, बेदाणे-मसाल्याचं गोड सारण असतं, करंजीची आंग्ल बहीण म्हण. पण जुन्या पद्धतीत त्यात आणि नाताळच्या पुडिंगमध्ये गुरांची चरबी पडते. वेष्टनावर शाकाहारी लिहिलंय का ते बघूनच घे.

पार्लेकरीणबाईंच्या बाजूने एक भर. २५ ला सकाळी नऊला हाइड पार्कच्या सर्पेंटाइन तळ्यात पोहण्याची शर्यत असते, पीटर पॅन कप. १८६४ पासून चालू आहे. क्लबच्या सभासदांनाच उतरता येतं, आपण काठावर कोट घालून कुडकुडायचं.

त्याच पार्कातलं विंटर वंडरलँड मात्र माझ्या मते टाळा. जत्रा आहे ती, पाळणे आणि नेमबाजी, फक्त खिसा पौंडात फाटतो. गर्दीच्या वेळी आत शिरायचेही पैसे. आणि २५ ला तीही बंद.

हॅरोकर

मावशी, वंडरलँडवर आपलं एकमत! धागा इथेच संपवावा का?

वसई_किल्ला

संपवू नका. एवढं सगळं वाचलं, पण नाताळ कोणाचा आहे हे कोणी बोललंच नाही. झाड, दिवे, दूध, स्प्राउट्स. टिळकही येऊन गेले. येशूचा जन्म राहिला.

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे गावोगावचे येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघत रात्र जाते, मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. लंडनला गेलो त्या वर्षी बायको म्हणाली, मध्यरात्रीची मिस्सा चुकली तर मला नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही. पर्यटक वेस्टमिन्स्टर ॲबेकडे धावतात. ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं. कॅथलिकांचं वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल वेगळं, व्हिक्टोरिया स्टेशनजवळ, लाल विटांचं, पांढऱ्या पट्ट्यांचं. आत वर बघितलं तर छत काळंच दिसतं. मोझेक लावायचं काम तिथवर पोचलेलंच नाही, उघड्या विटा आहेत. त्या काळोखाखाली मेणबत्त्या आणि पोरांचा लॅटिन सूर. बायको रडली, मीही थोडा.

तिकीट नाही, कोणी धर्म विचारत नाही. लवकर जाऊन रांग लावायची आणि मिस्सा चालू असताना मोबाइल खिशात ठेवायचा, बास. २४ ला ट्यूब नेहमीपेक्षा लवकर थांबते, म्हणून आम्ही पिम्लिकोत राहिलो होतो. पंधरा मिनिटं चालत खोलीवर. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत झोपलो आणि काय बंद आहे ते आम्हाला कळलंही नाही.

हॅरोकर, तुमच्या हिशेबाने आम्ही १९ तारखेला परतलो असतो.

हॅरोकर

यावर मला उत्तर नाही. चौदा वर्षांत मी पाहुण्यांना त्या कॅथीड्रलच्या समोरून व्हिक्टोरियाला कोचवर (लांब पल्ल्याच्या बसवर) सोडायला शेकडो वेळा गेलोय, आत एकदाही नाही.

बरं, "२० च्या आत परत जा" हे मागे घेतो. पण ज्यांना फक्त दिवे आणि खरेदी हवी त्यांच्यासाठी माझं म्हणणं कायम. आणि २५ ला विमानाने उतरू नका, यावर मी कोर्टात जायलाही तयार आहे. उतरावंच लागलं तर कोचची जागा आधी राखून ठेवा, काही कोच चालतात. भाड्याच्या सायकलीही मिळतात, पण मामींना सांगून बघा.

पार्लेकरीण

कोर्टात जाऊ नका, चिरोलच्या खटल्यात टिळकांचं काय झालं वाचलंत ना?

नाशिकचा_नंदू

ठरलं. २४ ला मिस्सा, २५ ला टिळक ते आंबेडकर. पॅडिंग्टनला जागा बघतोय. फक्त एक विचारायचं होतं, त्या दोन तासांत वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे? आई सोबत आहे.

पार्लेकरीण

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सगळ्यात शेवटी! हॉटेलातून निघताना जाऊन या आणि चहा परतल्यावर प्या. दुपारी काही पब उघडतात, पण कोणता, ते आधी फोन करून विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं. सासूबाईंनी किंग हेन्रीज रोडवरून हॉटेलपर्यंत जो वेग घेतला तो मुलाला अजून आठवतो.