मदत हवी आहे: कार्डिअॅक रिहॅबचं (हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचं) प्रशिक्षण कुठे घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे बायपास, अँजिओप्लास्टीच्या पेशंटसाठी रिहॅब सुरू करायचं चाललंय. सहा मिनिटांची वॉक टेस्ट, ६ ते २० ची बोर्ग स्केल (व्यायाम किती जड वाटतोय हे पेशंटने आकड्यात सांगायचं) हे सगळं येतं. पण ट्रेडमिलवर चालताना मॉनिटरवर ईसीजीतला एसटी भाग खाली सरकायला लागला (म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण दिसली) की पेशंटला कुठे थांबवायचं, हे जाणकाराच्या हाताखालीच शिकावं लागतं.

आयसीसीपीआर या हृदयरोग प्रतिबंध आणि पुनर्वसनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा ऑनलाइन फाउंडेशन कोर्स कोणी केलाय का? ब्रिटनमधल्या याच क्षेत्रातल्या बीएसीपीआर संघटनेची २०२३ ची मानकं वाचली. त्यात व्यायामासोबत आहार, तंबाखू, मनःस्थिती, औषधं सगळंच येतं. आमच्या मॅनेजमेंटला मात्र ट्रेडमिल आली की झालं, असं वाटतं!

पुण्या-मुंबईत प्रत्यक्ष काम बघू देणारं केंद्र सुचवा. आणि डिफिब्रिलेटर (शॉक देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र) तुम्ही रिहॅबच्या खोलीतच ठेवता ना?