लोकलच्या फेऱ्या वाढवायच्या आहेत: आधी वेळापत्रक की आधी गाड्या?

खिडकीजवळची जागा (धागाकर्ती)

शहराभोवतीची उपनगरी रेल्वे वाढवायची म्हटली, की पहिली घोषणा नव्या गाड्यांची होते. इतके रेक (म्हणजे डबे जोडलेल्या अख्ख्या गाड्या), इतके डबे. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी वेळापत्रक ठरवा, ते चालवायला लागतील तशाच आणि तेवढ्याच गाड्या घ्या, आणि रूळ शेवटी, नेमके जिथे अडेल तिथे टाका.

हिशोब मांडून बघा. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ५० मिनिटं, प्रत्येक टोकाला १० मिनिटं थांबा. पूर्ण फेरा १२० मिनिटांचा. अर्ध्या तासाला गाडी द्यायची तर ४ रेक पुरतात. आता तोच प्रवास ५३ मिनिटांचा धरा. फेरा १२६ मिनिटांवर गेला आणि पाचवा रेक लागला. तो रेक, त्याचे मोटरमन, कारशेडमधली त्याची जागा, सगळं ३ मिनिटांपायी! एखाद्या वळणावरची वेगमर्यादा उठवून किंवा जुनी सिग्नल यंत्रणा बदलून ती ३ मिनिटं मिळत असतील, तर पैसा तिथे घाला.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराचं वेळापत्रक आणलं: दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. पुढे २००४ मध्ये नवा मार्ग टाकून झुरिक ते बर्न प्रवास ६९ मिनिटांवरून ५६ वर आणला. तासाच्या आत पोहोचून पुढची जोडगाडी मिळावी, एवढाच वेग त्यांना हवा होता. मार्ग कुठे आणि किती वेगाचा हवा, हे वेळापत्रकाने सांगितलं.

यार्डातला

असहमत. तुमचे ४ रेक कागदावरचे आहेत. एक तपासणीला कारशेडमध्ये असणार, एखादा बिघडणार. रोज ४ चालवायचे तर ५ किंवा ६ ताब्यात लागतात. ताफा लहान असेल तर हे फार जाचतं, कारण अर्धा रेक राखीव ठेवता येत नाही.

आणि टोकाची १० मिनिटं? प्रवासी उतरणार, मोटरमन या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये जाणार, ब्रेकची चाचणी होणार. त्यातच गाडी ६ मिनिटं उशिरा आली असेल तर काय उरतं? तुमचं वेळापत्रक इतकं ताणलेलं आहे की सकाळी झालेला उशीर रात्रीपर्यंत भरून निघणार नाही. मला तो पाचवा रेक हवाच आहे, टोकाच्या स्टेशनवर तयार उभा.

शिवाय डबे दुकानात मिळत नाहीत. आराखडा, बांधणी, चाचण्या, सुरक्षेची मंजुरी, चालकांचं प्रशिक्षण यात वर्षं जातात. आदर्श वेळापत्रकाची वाट बघत ऑर्डर थांबवली, तर जुनीच गाडी आणखी दहा वर्षं ओढत बसावं लागतं.

लूप लाइन

दोघेही दुहेरी मार्ग गृहीत धरताय. बऱ्याच ठिकाणी विस्तार होतो तो एकेरी मार्गावर, आणि तिथे क्रॉसिंगच, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना कुठे ओलांडणार हेच, सगळं ठरवतं. दोन्ही बाजूंनी अर्ध्या तासाला गाडी असेल, तर कोणतीही गाडी दर १५ मिनिटांनी समोरच्या गाडीला भेटते. तिथे लूप (एका गाडीला बाजूला थांबवायचा जादा रूळ) किंवा दुसरी मार्गिका हवी. जागा मिळाली म्हणून भलतीकडे लूप बांधला, की एक गाडी तिथे ताटकळणार, रोज, प्रत्येक फेरीला.

यार्डातले, तुमच्यासाठी मुद्दाम: आधी वेगवान गाड्या घेतल्या तर त्या १५ मिनिटांत जास्त अंतर कापतात, म्हणजे भेटीची जागा सरकते. लूप जुन्याच जागी. कमावलेली मिनिटं समोरच्या गाडीची वाट बघण्यात जातात. त्याच रुळांवर मालगाड्याही असतील, तर गुंता आणखी वाढतो. मी धागाकर्तीच्या बाजूने.

सकाळची फास्ट

सगळं मान्य, पण गर्दीचं काय? दुपारी दोनला १५ मिनिटांनी गाडी आली तरी मला तिचा उपयोग नाही. मला ८ ते ९:३० मध्ये आत शिरायला जागा हवी. त्या वेळात नवा पाथच, म्हणजे रुळांवर आणखी एका गाडीसाठी मोकळा वेळच, नसतो, मग उपाय एकच: आहे त्याच फेरीला जास्त डबे. त्यासाठी डबे, लांब फलाट आणि लांब गाडी मावेल असं कारशेड लागतं. वेळापत्रकाचा एक आकडाही न बदलता माणसं जास्त जातात.

पाथ भरलेले असताना नुसतं वेळापत्रक हलवलं की काय होतं, ते मुंबईत दिसलंय. साधी फेरी काढून तिच्या जागी एसी लोकल घातली, लोक रुळांवर उतरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेला वाढवलेल्या १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

खिडकीजवळची जागा

सकाळची फास्ट, डबे वाढवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो फक्त गर्दीपुरत्या घेतलेल्या रेकला. सकाळी एक फेरी करून तो दिवसभर शहरातल्या यार्डात, सगळ्यात महाग जमिनीवर उभा राहतो. चालक दलाची ड्युटीही तुटते: पहाटे चार तास, संध्याकाळी चार तास. रेक घेतलाच आहे तर तो दुपारी चालवा. दुपारपाळीच्या परिचारिका, कॉलेजची मुलं, दवाखान्यात निघालेले म्हातारे हेही प्रवासीच आहेत.

कॅलिफोर्नियातली कॅलट्रेन बघा. सप्टेंबर २०२४ पासून विजेवरच्या गाड्या आल्या, आणि शनिवार-रविवारची तासाला एक असणारी गाडी अर्ध्या तासावर आली.

यार्डातला

कॅलट्रेनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! त्या गाड्यांची ऑर्डर २०१६ ची. सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीला डिझेल इंजिन असताना १०० मिनिटं लागायची, आता साधारण ७५. सगळ्या डब्यांचा भार एका इंजिनाने ओढला की प्रत्येक थांब्यानंतर वेग पकडण्यात वेळ जातो; गाडीभर मोटारी असल्या की गाडी झटकन सुटते. ते वेळापत्रक जुन्या गाड्यांवर कुणालाही आखता आलं नसतं.

दुपारी रेक चालवा म्हणता, मग तपासणी कधी करायची? रुळांचं काम कधी? दुपारचा मोकळा वेळ आम्हाला रिकामा मिळत नाही, त्यात रूळ बंद ठेवून कामाचे ब्लॉक घेतले जातात. तो भरला की सगळं रात्रीवर ढकललं जातं, आणि रात्री हातात जेमतेम तीन-चार तास.

खिडकीजवळची जागा

थांबे पुष्कळ आहेत म्हणून गाडी झटकन सुटणारी हवी, हेच तर मी "तशाच गाड्या" म्हणताना सांगत होते. माझी मागणी साधी आहे: रेकच्या ऑर्डरसोबत ते रेक चालवणार असलेलं वेळापत्रक छापा. कोणत्या मिनिटाला, कोणत्या स्टेशनवर, कुठे क्रॉसिंग. लोकांना ते आधी वाचता आलं पाहिजे.

यार्डातला

छापा. पण राखीव रेक किती आणि ब्लॉकची वेळ कोणती, हे दोन रकाने त्यात असतील तरच मी सही करीन.